पडद्यामागची अक्का

इंदूअक्का, आज पाचवा दिवस. काल सोमवार होता, म्हणून ड्यूटीवर गेले. नवनगरचं आमदार कार्यालय जिथल्या तिथं आहे. गेट आहे, रजिस्टर आहे, बायकांच्या तपासणीची ती निळ्या पडद्याची खोपटी आहे. पडद्याच्या आतल्या बाजूला, वरच्या शिवणीत, तुझ्या तीन पिना अजून टोचलेल्या आहेत. तू तिथून जाऊन चौदा महिने झाले, तरी मी त्या काढल्या नाहीत. पडदा दोनदा धुवायला गेला. दोन्ही वेळा पिना काढून खिशात ठेवल्या आणि पडदा परत आल्यावर होत्या तिथंच टोचल्या. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

काल मी रांगेतल्या पहिल्याच बाईपुढं मशीन धरून नुसती उभी राहिले. ती बिचारी हात वर करून थांबली होती. शेवटी म्हणाली, "तपासा की हो, बाई." तेव्हा मला रडू कोसळलं. सगळे बघायला लागले. सुजाताला एवढं काय झालंय? जुनी ड्यूटीवरची बाई वारली, वाईट झालं, पण ही अशी घरचं माणूस गेल्यासारखी का करायला लागलीय? त्यांना काय सांगू? तुला त्या गेटवरून काढायला लावलं ते मी. त्यांनाही ते माहीत आहे, तुला तर आहेच. आणि या चौदा महिन्यांत मी एकदासुद्धा तुझ्यापुढं येऊन उभी राहिले नाही. बोलायचं होतं गं. रोज उद्यावर ढकललं आणि तू उद्याच ठेवला नाहीस.

माझा पहिला दिवस तुला आठवत असेल. पोलीस भरतीत उंचीला बोटभर कमी पडले म्हणून मी आधीच जगावर चिडलेली. बी.ए. झालेली मुलगी आणि एजन्सीनं चिकटवलं कुठं, तर गेटवर. साहेबांच्या ड्रायव्हरला चहा आधी, आपल्याला नंतर, तोही उरला तर. सुपरवायझर म्हणाले, "इंदूबाई येतील, त्यांच्या हाताखाली शिका." मी वाट बघत उभी. तेवढ्यात इरकल साडी नेसलेली, डब्याची पिशवी काखेत मारलेली एक बाई सरळ आत शिरली आणि पडद्यामागं गेली. मी ओरडले, "ओ बाई, रांगेत या!" आतून आवाज आला, "आले गं, ओरडतीस कशाला?" आणि दोन मिनिटांनी पडदा सारून निळा शर्ट, निळी पँट, पट्टा लावलेली गार्ड बाहेर आली. तीच बाई. साडीची घडी तिच्या हातात होती.

तू युनिफॉर्मवर साडी नेसून यायचीस. तू राहायचीस त्या सप्तापूरच्या गल्लीतून पँट घालून चालायची तुला लाज वाटायची. "अगं, तिथं निम्म्या खोल्यांतली शिकायला आलेली पोरं माझ्या हातचा डबा खातात. त्यांनी मला पँटीत बघितलं तर भाकरी घशाखाली उतरंल होय त्यांच्या?" साडीच्या पिना तू काढून पडद्याला टोचायचीस. संध्याकाळी निघताना त्यातल्या निम्म्या तरी गायब असायच्या, कारण दिवसभर आलेल्या बायकांना तू त्या वाटून टाकलेल्या असायच्यास. कुणाचा हूक तुटलेला, कुणाचा पदर ठरत नाही. "साहेबांच्या पुढं बाईनं पदर सावरत उभं राहू नये. तिचं बोलणं राहतंय आणि पदरच होतो." मग स्वतः घरी जाताना पदर दातात धरून बसमध्ये चढायचीस.

मी तुला मॅडम म्हटलं तर म्हणालीस, "मॅडम आत बसतात. मी अक्का. आणि अगंतुगं कर, तेवढंच जरा तरुण वाटतंय."

आता आपल्या भांडणाचं सांगते. पहिलं भांडण, जे कधी मिटलंच नाही.

तुझी तपासायची एक पद्धत होती. बाई आत आली की आधी तिला बसवायचं. स्टूल तू घरून आणलेलं. "कुंद्रव्वा," बस गं बाई. मग पाणी. मग समोर उभं राहून म्हणायचं, "हात लावते हं." बाई कानडी असली तर "मुट्टतीनव्वा." आणि थांबायचं. ती "हूं" म्हणेपर्यंत हात आपल्यापाशी. ती म्हणाली की मगच मशीन, मगच हात. बाहेर चाळीस बायकांची रांग, आणि तू एकेकीच्या "हूं" साठी थांबून राहायचीस. मला शिकवायला लागलीस, "असं म्हण." मी म्हटलं, "मी नाही म्हणणार." तुला वाटलं मी घाई करतेय. चार दिवस तू मला रोज सांगितलंस. पाचव्या दिवशी माझं डोकं फिरलं.

"अक्का, माझ्या आजीनं जन्मभर विचारून हात लावला. विहिरीला विचारून, दुकानातल्या मापाला विचारून. लांबून ओरडायचं, मी आले हो, आणि थांबायचं. आम्ही बौद्ध झालो ते हे थांबणं संपवायला. आता हा युनिफॉर्म घालून, सरकारी गेटवर उभी राहून, मी पुन्हा विचारू? हात लावू का म्हणून?"

तू पुढच्या बाईला स्टूल पुढं केलंस. दुसऱ्या दिवशी डबा उघडता उघडता म्हणालीस, "रात्रभर विचार केला गं. तुझ्या आजीला विचारायला लावलं ते चुकीचंच. ते तिला लांब ठेवायला लावलं होतं. पण मी जी विचारते ती जवळ यायला विचारते. ह्या बायांना घरात कुणी विचारत नाही, दवाखान्यात विचारत नाही, ऑफिसात तर नाहीच. अंगाला कुणी हात लावायचा हे एकदा तरी त्यांनी ठरवू दे की." मी म्हटलं, "तुला सोपं आहे म्हणायला." तू म्हणालीस, "हो. मला सोपं आहे." आणि माझ्या ताटात शेंगाची चटणी वाढलीस.

अक्का, ते "मला सोपं आहे" फार खरं होतं. दुसरी कुणी असती तर तिनं मला समजावलं असतं, आम्ही नाही हो तसलं पाळत. तू तसलं काही बोलली नाहीस.

आणि ती बाई आठवते? चांगली जरीची साडी, गळ्यात चारपदरी हार. रजिस्टरवर माझी सही बघून तिनं आडनाव वाचलं आणि माझा हात पुढं आल्याबरोबर मागं सरकली. "त्या दुसऱ्या बाईंना तपासू दे," म्हणाली. तू पडद्यात डोकं घातलंस. सगळं तुला एका नजरेत कळलं. "माझा हात आज दुखतोय हो, बाई," तू म्हणालीस. "वरच उचलंना. हिच्याकडनंच तपासून घ्यावं लागेल, नाहीतर मागच्या मागं जावा." बाई चडफडली, शेवटी उभी राहिली. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तू उजवा हात खिशात घालून फिरलीस, रजिस्टरसुद्धा डाव्या हातानं लिहिलंस. ती ओळ कुणालाच वाचता येईना. सुपरवायझर ओरडले, तरी खिशातून हात काढला नाहीस.

मी हसले तेव्हा तू म्हणालीस, "हसतीस काय? तू तिला विचारायला पाहिजे होतंस."

"हिला? हिला विचारू मी?"

"हिलाच आधी."

मला तेव्हा तुझा इतका राग आला होता! आणि इतकं बरंही वाटलं होतं. दोन्ही एकदमच.

पडद्यामागं तू आणखी एक उद्योग करायचीस. साहेब व्हायचीस. हाताची घडी घालून, मान वाकडी करून, "हं, बोला" म्हणायचीस, आणि त्या बाईला आपलं काम तुला सांगायला लावायचीस. "साहेबांच्या पुढं दीड मिनिट मिळतंय. नवऱ्याचं नाव, सासऱ्याचं नाव, गाव कुठलं हे सांगत बसलीस तर वेळ संपला. आधी म्हण, साहेब, माझं काम असं आहे. मग काम. मग कारण. रडायचं असलं तर सगळ्यात शेवटी रड." बायका पदर तोंडाला लावून हसायच्या आणि पुन्हा पुन्हा म्हणून बघायच्या. मी बाहेरून ओरडायचे, "अक्का, ही तपासणी आहे का नाटक कंपनी?" आतून उत्तर यायचं, "तू तिकीट फाड, मी नाटक बघते."

काशव्वा पण तशीच शिकली. शाळेत दुपारच्या जेवणाचा स्वयंपाक करायची ती, अकरा वर्षं. तिला काढून दुसरी कुणी ओळखीतली घेतली, कागद नाही, कारण नाही. सात सोमवार ती आली. सातही वेळा तू तिच्याकडून म्हणवून घेतलंस आणि सातही वेळा साहेबांच्या पीएनं दारातूनच सांगितलं, पुढच्या सोमवारी या. तिचं बोलणं इतकं पाठ झालं होतं की मलासुद्धा पाठ झालं होतं. साहेबांना तेवढं कधी ऐकू गेलं नाही.

आठव्या सोमवारी ती आली तेव्हा पडद्यामागं मशीन वाजलं आणि मग काहीच ऐकू आलं नाही. तुझा आवाज नाही, हसणं नाही. मी फटीतून बघितलं. तुझ्या हातात खोकल्याच्या औषधाची बाटली होती. तू झाकण उघडलंस, नाकाशी नेलंस आणि घट्ट बंद केलंस. काशव्वा जमिनीकडं बघत होती. तू ती बाटली आपल्या डब्याच्या पिशवीत टाकलीस. मग तू तिला तपासलंस, अक्का, आणि तशी तपासणी मी त्याआधी बघितली नव्हती, नंतरही नाही. अंबाडा सोडून बघितलास, साडीचा काठ बोटाबोटानं चाचपलास, चपला काढून घेतल्यास. दर वेळी आधी "मुट्टतीनव्वा" आणि दर वेळी थांबणं. मग ओल्या हातानं तिचं तोंड पुसलंस, आणि एक पीन पडद्याची काढून तिच्या खांद्यावर लावलीस.

बाहेर येऊन म्हणालीस, "हिला पहिली सोड. पीएशी मी बोलते."

"बाटलीत काय होतं?"

"खोकल्याचं औषध."

"अक्का, फवारणीच्या औषधाचा वास इथपर्यंत येतोय मला."

तू माझं मनगट धरलंस. न विचारता धरलंस, म्हणून लक्षात राहिलंय. "सुजे, ऐक. बाटली माझ्याकडं आहे. तिच्या अंगावर आता काही नाही, मी सांगते. तिला दोन मिनिटं आत बोलून येऊ दे. बाहेर आली की मी तिच्या घरी सोडते, भावाला सांगते, सगळं करते. आत्ता आरडाओरड केलीस तर ती उद्या दुसरी बाटली घेईल आणि आपल्यापर्यंत येणारसुद्धा नाही."

आणि तू तिला घेऊन आत गेलीस. मी गेटवर राहिले. काही सापडलं की ताबडतोब रजिस्टरला लिहायचं आणि सुपरवायझरला सांगायचं, हा आपला पहिला नियम. त्याच्याखाली माझी सही आहे. मनात आलं, अक्काची नजर चुकली असेल तर? तिच्याकडं आणखी काही असेल तर? ती आत साहेबांच्या समोर कोसळली तर? मी सुपरवायझरकडं गेले आणि सांगितलं.

पुढचं तू बघितलंस, मीही बघितलं. दोन पोलीस धावत आत गेले. काशव्वा उभी होती, हात जोडलेले, आणि म्हणत होती, "साहेब, माझं काम असं आहे..." तिथंच तिचे दंड धरले. ओढत बाहेर आणलं. साहेब खुर्चीवरून उठले, पीए ओरडायला लागले. तू लावलेली पीन तुटली आणि पदर फरशीवरून घसटत आला, आणि तू मागून वाकून वाकून तो उचलायला धावत होतीस. तिला हात लावताना कुणी काही विचारलं नाही.

संध्याकाळी तिला सोडलं. तोवर तू पोलीस ठाण्याच्या बाकावर बसून होतीस, साडी न नेसता, तशीच युनिफॉर्मवर. दुसऱ्या दिवशी तुला कळवलं की उद्यापासून तारिहाळ, कारखान्याचं गेट. माझं सगळ्यांच्या देखत कौतुक झालं. बायकांच्या तपासणीची जबाबदारी माझ्याकडं. मला त्या वेळी जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

तू सामान आवरायला आलीस. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "तुम्ही समजून घ्या." तू एकदम मान वर केलीस. "तुम्ही काय गं? एका दिवसात मी म्हातारी झाले होय?" आणि हसलीस. मला हसता आलं नाही. मी म्हटलं, "मी नियमानं केलं, अक्का." तू साडीच्या निऱ्या करत म्हणालीस, "होय की. मी कुठं नाही म्हटलं?" पदर दातात धरलास आणि गेलीस. तीन पिना राहिल्या.

"मी कुठं नाही म्हटलं?" चौदा महिने हे वाक्य मी उलटसुलट करून बघतेय. टोमणा होता का? का खरंच तसं वाटत होतं तुला?

आता तू नाहीस तर भांडतेच. अक्का, मला अजूनही वाटतं मी बरोबर होते. तू देव नाहीस. तुझी तपासणी एखाद्या दिवशी चुकली असती तर काशव्वा मेली असती आणि तुझ्या डोक्यावर तिचा जीव बसला असता. नियम त्यासाठीच असतात. आणि तू बरोबर होतीस हेही मला तेवढंच पक्कं माहीत आहे. ती बाई आठ सोमवारांत पहिल्यांदा साहेबांच्या पुढं उभी होती. तिचं वाक्य अर्धवट तुटलं ते माझ्यामुळं. दोन मिनिटं थांबले असते तर? नुसती दोन मिनिटं! तूच शिकवलं होतंस ना थांबायला. मी नेमकं तेच शिकले नाही.

मी तारिहाळला दोनदा आले होते, तुला माहीत नाही. पहिल्यांदा स्टॉपवर उतरले आणि रस्ता ओलांडून परतीची बस धरली. दुसऱ्यांदा गेटपर्यंत आले. एक लांब ट्रक आत वळत होता, त्याच्या पलीकडं तू उन्हात उभी, हातात वही, नंबर लिहून घेत होतीस. तिथं बायका नव्हत्या, पडदा नव्हता, बसायला काही नव्हतं. माझ्या डोक्यात काय आलं सांगू? अक्का साडी कुठं बदलत असेल? एवढंच आलं. ट्रक गेल्यावर तू दिसशील, तुला मी दिसेन, म्हणून ट्रक जायच्या आत मी मागं फिरले.

आणि दीड महिन्यापूर्वीची ती बस. मी मागं, तू पुढं बायकांच्या सीटवर, खिडकीपाशी. तू वळून बघितलंस. बघितलंस ना? मी मोबाईलमध्ये तोंड खुपसलं. माझा स्टॉप आला नव्हता तरी उतरले. बस निघाली आणि खिडकीतून तू अर्धी बाहेर वाकून ओरडलीस, "सुजे! जेवलीस का?" सगळा रस्ता बघायला लागला. मी मान हलवली. हो म्हटलं की नाही, मला आठवत नाही. जेवले नव्हते. तेवढं तरी सांगायला पाहिजे होतं.

शुक्रवारी सकाळी वीणाचा फोन आला. तुझी लेक कधी मला फोन करत नाही. "सुजाताताई, आई गेली. ड्यूटीला निघाली होती. साडी नेसता नेसता खाली बसली, ती उठलीच नाही." डॉक्टर म्हणे हृदय आधीपासूनच दमलेलं होतं. मला वीणानं ते दोनदा सांगितलं, आधीपासूनच, आधीपासूनच. पोर शहाणी आहे. तरी दोन बसा बदलून रोज तारिहाळला जाणं आणि दिवसभर उभं राहणं हे कुणामुळं झालं, ते मला कुणी सांगायला नको.

तुझ्या दोन खोल्यांत बायका दाटल्या होत्या. मी दारातच थबकले. मागच्या बाजूला चुलीवर पाणी तापवत काशव्वा बसली होती. तिनं मला ओळखलं. मी परत फिरले असते, खरं सांगते, तिसऱ्यांदा फिरले असते. तिनं हातानं बोलावलं.

तिच्याकडूनच कळलं. तुझ्या सुट्टीच्या दर वाराला तू तिला घेऊन एकेक ऑफिस फिरलीस. काम परत मिळालं नाहीच. मग तारिहाळमुळं तुला डबे जमेनात, तेव्हा पोरांचे सगळे डबे तू तिच्या हवाली केलेस. आता ती सप्तापूरच्या त्या खोल्यांतल्या पोरांना जेवू घालते. हे सगळं ती कानडीत, चुलीकडं बघत सांगत होती. मी म्हटलं, "काशव्वा, मी त्या दिवशी..." तिनं लाकूड आत सारलं. "अक्का म्हणायची, आमच्या सुजीनं तिचं काम केलं. तिला कुणी बोल लावायचा नाही. मला दर वेळी सांगायची." चूल फुंकून म्हणाली, "मला नाही पटलं. अजून नाही पटत. पण अक्का म्हणायची."

म्हणजे तो टोमणा नव्हता. चौदा महिने, अक्का. चौदा महिने मी एका सरळ बोललेल्या वाक्याला घाबरून लांब राहिले, आणि तू बसच्या खिडकीतून जेवलीस का विचारत होतीस.

आतून गडबड ऐकू आली. तुला आंघोळ घालायची होती, आणि तू अर्धी साडी नेसलेली, आत युनिफॉर्मची पँट, पट्टा आवळलेला. बायकांना त्या पट्ट्याचं काही उमगेना. कुणी ओढत होती, कुणी कात्री मागत होती. वीणा बाहेर आली. "ताई, तुला येतं ना ते?" मी आत गेले. तिच्या आत्यानं विचारलं, "ही कोण? कुणाच्यातली?" मला तो प्रश्न कळतो. माझे हात जागच्या जागी थांबले. वीणा म्हणाली, "आत्या, तू जरा बाहेर बस," आणि दार लोटलं.

मी तुझ्याजवळ गुडघे टेकून बसले. तुझा एक हात अजून निऱ्यांपाशीच होता. पदराला लावायची पीन चिमटीत होती, ती वीणानं काढून घेतली. मी पट्ट्याकडं हात नेला. चार वर्षांत कितीतरी बायकांना मी न विचारता हात लावला असेल. तुझ्यासमोर, तुझ्याशी भांडून, मुद्दाम. आजीच्या नावानं शपथ घेतल्यासारखा. तो हात तुझ्यापासून वीतभर अंतरावर राहिला. पुढं जाईना.

"अक्का," मी म्हटलं, "हात लावते हं."

आणि थांबले. तू शिकवलंस तसं, हात आपल्यापाशी घेऊन थांबले. बायका माझ्याकडं बघत होत्या. वीणा तोंडाला पदर लावून भिंतीला टेकली. बादलीतून वाफ येत होती. कुणाला कळेना ही कशाची वाट बघतेय, आणि मला उठता येईना, पुढं होता येईना. तू काही म्हणत नव्हतीस. तू कशी म्हणणार होतीस?

काशव्वानं तांब्या खाली ठेवला. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, तुझ्याकडंच बघत होती.

"हूं," ती म्हणाली. "लाव."

मग मी हात लावला.